मृत्यूचा आकडा आणि रुग्णालयाची परीक्षा

बेंगळूरुत हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडून विमानतळाकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रुग्णालयांच्या जाहिरातींचे फलक दिसू लागतात. कोणी ‘पक्षाघातावर चोवीस तास उपचार’ सांगतो, कोणी आपल्याला मिळालेल्या पुरस्काराचे चिन्ह मिरवतो, कोणी स्वतःला सरळ सर्वोत्तम म्हणवून घेतो. विमानतळाकडे वळणाऱ्या ट्रम्पेट उड्डाणपुलाशेजारी मात्र एक सरकारी इमारत आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे राष्ट्रीय रोगमाहिती व संशोधन केंद्र तेथे आहे. देशातील कर्करोगाच्या आणि पक्षाघाताच्या नोंदणीचे सूत्रसंचालन या केंद्रातून होते. रस्त्यावरच्या फलकांतील दावे तपासून पाहता येतील अशी माहिती देशात कोठे एकत्र येऊ शकत असेल, तर ती या इमारतीत. या रस्त्याने जाताना मला दर वेळी एकच प्रश्न पडतो. पक्षाघाताचा रुग्ण घेऊन धावणाऱ्या कुटुंबाला चांगले रुग्णालय कोणते, हे आज कोण सांगू शकतो?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो काही वर्षांपूर्वी, एका शेजाऱ्याच्या निमित्ताने. पहाटे उठताना त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. मुलाने त्यांना घराजवळच्या रुग्णालयात नेले. तेथे सीटी स्कॅनची सोय रात्रपाळीत बंद होती. दुसऱ्या ठिकाणी आगाऊ रकमेवरून वेळ गेला. तिसऱ्या रुग्णालयाने त्यांना तातडीने दाखल करून घेतले आणि माझ्या समजुतीप्रमाणे उत्तम उपचार केले. पण तोवर गुठळी विरघळवण्याचे औषध देण्याची वेळ टळून गेली होती. चौथ्या दिवशी, आता सुधारणेची आशा नाही असे कळल्यावर, कुटुंबाने त्यांना स्वतःच्या जबाबदारीवर घरी आणले. सहाव्या दिवशी त्यांचे निधन झाले. या घटनेची नोंद कशी झाली असेल याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. पहिल्या दोन रुग्णालयांच्या दप्तरात हा रुग्ण नाहीच, कारण तो तेथे दाखल झाला नव्हता. तिसऱ्याच्या दप्तरात ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी’ अशी नोंद असणार. म्हणजे पक्षाघाताने एक माणूस गेला आणि तिन्ही रुग्णालयांच्या मृत्यूंच्या यादीत त्याचे नाव कोठेच आले नाही. तोच गृहस्थ दोन दिवस आणखी खाटेवर राहिला असता, तर त्याचा मृत्यू ज्या एकाच रुग्णालयाने त्याला आत घेतले त्याच्या नावावर लागला असता.

रुग्णालयाची गुणवत्ता मोजणे हा आता केवळ अभ्यासकांच्या चर्चेचा विषय राहिलेला नाही. आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा खर्च सरकार उचलू लागले. खर्च करणारा पुढे गुणवत्तेचा हिशेब मागणार, हे ओघानेच आले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने योजनेतील रुग्णालयांची कामगिरी पाच निकषांवर मोजण्याचे जाहीर केले: लाभार्थ्याचे समाधान, पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण, रुग्णाला खिशातून करावा लागलेला खर्च, सिद्ध झालेल्या तक्रारी आणि रुग्णाच्या जीवनमानात झालेली सुधारणा. किती उपचार केले यापेक्षा उपचारांनी काय साधले याला महत्त्व देण्याचा हा विचार स्वागतार्ह आहे. मात्र हे पाचही निकष पक्षाघाताला लावून पाहिले, म्हणजे अडचण कोठे आहे ते ध्यानात येते. वाचा गेलेला रुग्ण समाधानाच्या प्रश्नावलीला उत्तर कसे देणार? जो दगावला तो पुन्हा दाखल होत नाही, त्यामुळे अधिक मृत्यू होणाऱ्या रुग्णालयाचे पुनर्दाखल्याचे प्रमाण कमीच दिसणार. आणि जीवनमान ‘सुधारले’ असे म्हणायचे तर आरंभी रुग्णाची अवस्था काय होती, याची नोंद हवी. ही आरंभीची नोंद हाच या साऱ्या विषयाचा कणा आहे.

पक्षाघाताचे स्वरूपच असे आहे की त्यात रुग्णालयाच्या हाती असलेल्या आणि नसलेल्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होणे हा एक प्रकार. रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होणे हा दुसरा आणि बहुधा अधिक घातक. भारतात या दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळते. गुठळी असेल तर साधारण साडेचार तासांच्या आत ती विरघळवणारे औषध देता येते. मोठी वाहिनी बंद असेल तर नळी घालून गुठळी बाहेर काढता येते. २०१५ मधील चाचण्यांनी या दुसऱ्या उपचाराची उपयुक्तता सिद्ध केली आणि पुढे निवडक रुग्णांत त्याची मुदत चोवीस तासांपर्यंत वाढली. यांपैकी दारातून आत आल्यावर किती मिनिटांत तपासणी झाली, औषध मिळाले की नाही, गिळण्याची चाचणी न करता तोंडाने अन्न देऊन फुप्फुसात संसर्ग तर होऊ दिला नाही, हे रुग्णालयाच्या हाती आहे. रुग्ण किती वयाचा, मेंदूचा किती भाग निकामी झालेला, तो किती तासांनी आणि किती ठिकाणी फिरून आला, हे त्याच्या हाती नाही. न्याय्य मोजमाप म्हणजे या दोहोंची फारकत करणे.

ही फारकत न केल्यास काय होते, याचे उदाहरण दीडशे वर्षांहून जुने आहे आणि ते फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाशी जोडलेले आहे. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुग्णालयविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांचे कोष्टक दिले. त्यानुसार लंडनच्या २४ रुग्णालयांतील मृत्युप्रमाण शेकडा ९० हून अधिक होते. वस्तुतः दाखल झालेल्या प्रत्येक शंभरातले नव्वद रुग्ण मरत नव्हते. वर्षभरातील मृत्यूंना एका ठरावीक दिवशी रुग्णालयात असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागले होते. तत्कालीन डॉक्टरांनी त्यावर टीकेची झोड उठवली आणि शहरातील गंभीर रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयांची खेड्यातील छोट्या रुग्णालयांशी तुलना करता येणार नाही, हा आक्षेपही घेतला. नाइटिंगेल यांचा हेतू योग्यच होता, रुग्णालयांच्या कारभारावर प्रकाश पडावा हा. परंतु छेद चुकला की चांगल्या हेतूने केलेले गणितही चुकते. आपल्याकडे मृत्यूंच्या टक्केवारीवरून बातम्या आणि आरोप होतात तेव्हा छेद काय होता, हे आजही क्वचितच विचारले जाते.

आधुनिक काळातील याहून बोलके उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथील मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने पक्षाघातानंतरच्या तीस दिवसांतील मृत्यूंवरून रुग्णालयांची तुलना करायचे ठरवले. त्यासाठी विम्याच्या देयकांतील माहिती वापरली: वय, लिंग, मधुमेहासारखे अन्य आजार. दाखल होताना पक्षाघात किती तीव्र होता, हे त्या देयकांत नव्हतेच. २०१२ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात ७८२ रुग्णालयांतील सव्वा लाखाहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीच गणना तीव्रतेच्या अंकासह आणि त्याविना अशी दोनदा केली होती. तीव्रता न धरता ज्या रुग्णालयांना ‘अपेक्षेपेक्षा वाईट’ ठरवले होते, त्यांपैकी ५७.७ टक्के रुग्णालये तीव्रता धरताच ‘अपेक्षेप्रमाणे’ या गटात गेली. निम्म्याहून अधिक रुग्णालयांना लागणारा कलंक हा उपचारांचा दोष नव्हता. अधिक आजारी रुग्ण स्वीकारल्याची ती शिक्षा होती. पुढे २०१६ मध्ये तीव्रतेचा अंक देयकाच्या संकेतांत लिहिण्याची सोय झाली आणि त्यानंतर मापनाची पद्धतही सुधारली गेली. सदोष पद्धत आधी लागू करायची आणि अनेक वर्षांनी दुरुस्त करायची, हा मार्ग आपण टाळू शकतो.

हा तीव्रतेचा अंक काढणे अवघड नाही. शुद्धी, डोळ्यांची हालचाल, चेहऱ्याचा वाकडेपणा, हातापायांतील शक्ती, बोलणे अशा बाबी खाटेशेजारी काही मिनिटांत तपासून शून्य ते ४२ असा गुण देण्याची पद्धत जगभर रूढ आहे. अंक जितका मोठा, तितका आघात गंभीर. मृत्यूचा धोका कशावरून सांगता येतो, या प्रश्नाचे सर्वात मोठे उत्तर हा एक अंक देतो.

एका कल्पित हिशेबाने हे अधिक स्पष्ट होईल. ‘क’ रुग्णालयात शंभर रुग्ण आले. ८० सौम्य आणि २० गंभीर. सौम्य रुग्णांपैकी ४ दगावले, गंभीर रुग्णांपैकी ८, एकूण १२. ‘ख’ रुग्णालयातही शंभर आले. ५० सौम्य आणि ५० गंभीर. सौम्यांपैकी २ दगावले, गंभीरांपैकी १८, एकूण २०. वर्तमानपत्राचा मथळा ‘ख’ला दोषी ठरवील. पण नीट पाहा: सौम्य रुग्णांत ‘क’चे मृत्युप्रमाण ५ टक्के आणि ‘ख’चे ४ टक्के आहे, गंभीर रुग्णांत ‘क’चे ४० आणि ‘ख’चे ३६ टक्के. दोन्ही गटांत ‘ख’चीच कामगिरी सरस आहे. तरीही एकूण बेरजेत ते मागे पडते, कारण गंभीर रुग्ण त्याच्याकडे जातात.

बेंगळूरुत हे ‘ख’ रुग्णालय कल्पित राहत नाही. होसूर रस्त्यावरील निम्हान्स ही मेंदू व मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था १९७४ मध्ये उभी राहिली आणि २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. कर्नाटकाच्या जिल्ह्यांतूनच नव्हे, तर सीमेपलीकडच्या आंध्र आणि तामिळनाडूतूनही रुग्ण तेथे पाठवले जातात. इतरांनी नाकारलेले, पैसे संपलेले, वेळ निघून गेलेले रुग्ण अखेर सार्वजनिक संस्थेच्या दारी येतात. महाराष्ट्रात मुंबईच्या महापालिका रुग्णालयांची आणि पुण्याच्या ससूनची स्थिती वेगळी नाही. मृत्यूंचे कच्चे आकडे लावून क्रमवारी केली तर या संस्था तळाशी दिसण्याचीच शक्यता अधिक, आणि त्या क्रमवारीवर निधी अवलंबून ठेवला तर सर्वात कठीण काम करणाऱ्यांचाच निधी आधी कापला जाईल.

अन्यायाची बाब येथेच संपत नाही. चुकीच्या मोजमापामुळे डॉक्टरांचे वागणे बदलते आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियांची माहिती गोळा करून रुग्णालयवार आणि पुढे शल्यचिकित्सकवार मृत्युप्रमाण जाहीर केले. रुग्णाचा धोका लक्षात घेऊन केलेली ती गणना त्या काळाच्या मानाने आदर्श होती आणि राज्यातील मृत्यूही घटले. तरीसुद्धा न्यूयॉर्क व पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील अनुभवाचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये असा निष्कर्ष काढला, की शस्त्रक्रियांचा ओघ कमी आजारी रुग्णांकडे वळला आणि अधिक आजारी रुग्णांची अवस्था आणखी बिघडली. गणनेत थोडी जरी त्रुटी राहिली, तरी धोक्याचा रुग्ण दाराबाहेर ठेवण्याचा मोह उत्पन्न होतो. पक्षाघातात ‘आमच्याकडे खाट नाही’ एवढे एक वाक्य पुरते.

भारतात तर त्याआधीची अडचण आहे. मृत्यू मोजला तरी जातो का? माझ्या शेजाऱ्यासारखे कितीतरी रुग्ण अखेरच्या दिवसांत घरी नेले जातात. कधी पैशापायी, कधी घरच्या उंबरठ्यावर प्राण जावा या भावनेने. २०२० च्या अहवालानुसार देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२-२३ टक्के मृत्यूंनाच कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळाले होते. म्हणून ‘रुग्णालयात झालेले मृत्यू’ हा निकष आपल्याकडे सर्वाधिक फसवा ठरतो; जो रुग्णालय लवकर घरी पाठवील त्याचा आकडा सुधारेल. प्रत्येक रुग्णाची तीस किंवा नव्वद दिवसांनंतरची अवस्था विचारणे हाच त्यावरील उपाय. तो जिवंत आहे का, स्वतःच्या पायाने चालतो का, आंघोळीला आधार लागतो का? शून्य म्हणजे कोणतेही लक्षण नाही आणि सहा म्हणजे मृत्यू, अशी सात पायऱ्यांची एक साधी मोजपट्टी यासाठी उपलब्ध आहे. दूरध्वनीवरूनही ती लावता येते.

आपल्याला हे जमत नाही, असे म्हणण्यास आधार नाही. मुंबईत २००५-०६ मध्ये एका निश्चित लोकवस्तीत पक्षाघाताची नोंदणी झाली तेव्हा २८ दिवसांपर्यंत पाठपुरावा करून मृत्युप्रमाण सुमारे ३० टक्के असल्याचे संशोधकांनी दाखवले. बेंगळूरुत रुग्णालयांच्या साहाय्याने पक्षाघाताची पाहणी शक्य आहे का, याचा प्रयोग निम्हान्सच्या तज्ज्ञांनी केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोगमाहिती केंद्राच्या लोकसंख्याधारित नोंदण्या कटक, तिरुनेलवेली, कछार, वाराणसी आणि कोटा येथे चालल्या आणि त्याखेरीज रुग्णालयाधारित नोंदणीही सुरू आहे. कर्करोगाची परंपरा तर याहून जुनी: मुंबईतील नोंदणी १९६३ ची आणि राष्ट्रीय कार्यक्रम १९८१ चा. चिकाटीने वह्या भरणारी माणसे या देशात आहेत. या माहितीचा उपयोग रोगाचा भार समजण्यासाठी होतो. रुग्णालयांना स्वतःची पातळी कळावी आणि नागरिकांना ती पाहता यावी, यासाठी अजून होत नाही.

या पोकळीत पुरस्कार आणि चिन्हे शिरली आहेत. पक्षाघात उपचारांसाठी रुग्णालयांना सुवर्ण, प्लॅटिनम, डायमंड अशी पदके देणारा एंजल्स हा उपक्रम जगभर चालतो आणि भारतातील रुग्णालयांनाही ती मिळतात. रुग्ण आल्यापासून साठ मिनिटांत औषध किती जणांना मिळाले, यासारख्या प्रक्रिया त्यात मोजल्या जातात. अशा मोजणीने अनेक ठिकाणी मिनिटे वाचली आहेत, हे मान्य केले पाहिजे. तथापि हा उपक्रम बोहरिंगर इंगेलहाइम या औषध कंपनीचा आहे आणि गुठळी विरघळवणारे औषध हीच कंपनी बनवते, हेही वाचकाला ठाऊक असावे. कंपनीच्या हेतूविषयी शंका न घेताही एवढे म्हणता येते, की सार्वजनिक उत्तरदायित्वाची मोजपट्टी सार्वजनिक संस्थेच्या हाती असावी.

प्रक्रियेच्या निकषांचा एक मोठा गुण असा, की रुग्ण किती गंभीर होता याचा त्यांवर तुलनेने कमी परिणाम होतो. गिळण्याची चाचणी सौम्य रुग्णाचीही करता येते आणि गंभीराचीही. अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये गुणवत्तेची रचना, प्रक्रिया आणि फलित अशी त्रिसूत्री मांडली. तिचा क्रम आजही उपयोगी आहे. पण प्रक्रियेतही छेदाचा प्रश्न सुटत नाही. औषध मिळालेल्या दहांपैकी नऊ जणांना ते साठ मिनिटांत मिळाले, हे प्रशंसनीय आहे. परंतु वर्षभरात पक्षाघाताचे पाचशे रुग्ण आले आणि औषध दहांनाच मिळाले असेल, तर त्या नव्वद टक्क्यांचा अर्थ बदलतो. म्हणून यशस्वी रुग्णांच्या यादीऐवजी दारात आलेल्या प्रत्येक पक्षाघाताची यादी हवी. परत पाठवलेल्यांचीसुद्धा.

येथे एक कठीण प्रश्न येतो: दारिद्र्याचे काय? गरीब रुग्ण उशिरा येतो, घरी गेल्यावर औषधे सोडतो, व्यायामोपचार परवडत नाहीत. मग गणनेत रुग्णाचे उत्पन्नही धरावे का? माझे उत्तर सावध आहे. पक्षाघाताची तीव्रता धरलीच पाहिजे, कारण ती दारात येण्यापूर्वीच ठरलेली असते. दारिद्र्य मात्र गणनेत विरघळवून टाकले, तर गरिबांना मिळणारे निकृष्ट उपचारही ‘अपेक्षेप्रमाणे’ ठरतील आणि विषमतेवर संख्येचा शिक्का बसेल. अमेरिकेत पुनर्दाखल्यांवर दंड आकारण्याची योजना २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हा गरिबांची सेवा करणाऱ्या रुग्णालयांवर तिचा भार अधिक पडला. २०१६ च्या कायद्यानंतर तोडगा निघाला तो असा, की गरीब रुग्णांचे प्रमाण सारखे असलेल्या रुग्णालयांची आपसांत तुलना करायची. आपल्यालाही हीच वाट सोयीची आहे. जिल्हा रुग्णालयाची तुलना जिल्हा रुग्णालयाशी करावी आणि दोन गटांमधील तफावत लपवू नये, जाहीर करावी. ती तफावत हा रुग्णालयाचा नव्हे, सरकारचा गुणपत्रक आहे.

संख्या लहान असतात, हीदेखील एक अडचण. एखाद्या रुग्णालयात वर्षाला चाळीस रुग्ण येत असतील आणि सहा मृत्यू अपेक्षित असतील, तर केवळ योगायोगाने एका वर्षी दोन आणि दुसऱ्या वर्षी दहा मृत्यू होऊ शकतात. यावरून पहिल्या वर्षी सत्कार आणि दुसऱ्या वर्षी चौकशी करणे हास्यास्पद होईल. अशा ठिकाणी तीन वर्षांची माहिती एकत्र करावी आणि पहिला, दुसरा, सत्तरावा अशी क्रमवारी लावूच नये. अपेक्षेहून चांगले, अपेक्षेप्रमाणे, अपेक्षेहून वाईट आणि सांगता येण्याइतकी माहिती नाही, असे चार गट पुरेसे आहेत. यांतला शेवटचा गट प्रामाणिकपणाचा आहे.

शिवाय प्रत्येक मृत्यू हे अपयश नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला, २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली आणि कर्नाटक सरकारने जानेवारी २०२५ मध्ये तिच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. मोठ्या रक्तस्रावानंतर कुटुंबाशी बोलून कृत्रिम श्वास थांबवण्याचा विचारपूर्वक निर्णय घेणाऱ्या डॉक्टरला मृत्यूच्या आकड्याची धास्ती वाटली, तर तो रुग्णाला यंत्रावर लटकत ठेवील किंवा घरी धाडील. अशा निर्णयांची वेगळी नोंद ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे.

हे सारे एकत्र बसवता येते, याचा दाखला ब्रिटनमध्ये आहे. तेथील पक्षाघाताचा राष्ट्रीय लेखाजोखा २०१३ पासून जवळजवळ प्रत्येक रुग्णाची माहिती घेतो. रुग्णालयांना ‘ए’ ते ‘ई’ अशा श्रेणी मिळतात, त्या प्रामुख्याने प्रक्रियेवर. मृत्युप्रमाण वय, तीव्रता, पक्षाघाताचा प्रकार आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता लक्षात घेऊन स्वतंत्रपणे पाहिले जाते. मला त्यातली एक तरतूद विशेष महत्त्वाची वाटते: नोंदी अपुऱ्या असतील तर गुण कापले जातात. माहिती दडवणे हे माहिती देण्यापेक्षा महाग पडते. आपल्याकडे आज नेमके उलट आहे. जो प्रामाणिकपणे मोजतो तो बदनाम होतो आणि जो मोजत नाही तो जाहिरात करतो.

बेंगळूरुतून याची सुरुवात करणे शक्य आहे. कर्नाटक सरकार, निम्हान्स आणि नीती आयोग यांनी २०२२ मध्ये मेंदूआरोग्याचा उपक्रम सुरू केला असून, जिल्हा पातळीवर मेंदूविकारांची सेवा पोहोचवणे हे त्याचे सूत्र आहे. रोगमाहिती केंद्र त्याच शहरात आहे. खासगी रुग्णालयांची नोंदणी करणारा २००७ चा राज्य कायदाही हाताशी आहे. पहिले पाऊल म्हणून शहरातील प्रत्येक रुग्णालयाने पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाच्या पाच गोष्टी नोंदवाव्यात: लक्षणे सुरू झाल्याची वेळ, दारात आल्याची वेळ, आल्याबरोबर काढलेला तीव्रतेचा अंक, रुग्ण कोठून आला वा कोठे पाठवला आणि नव्वद दिवसांनंतरची अवस्था. पहिली दोन वर्षे हे आकडे केवळ रुग्णालयांना परत द्यावेत, म्हणजे चुका दुरुस्त होतील. तिसऱ्या वर्षी प्रक्रियेचे निकष नावानिशी जाहीर व्हावेत आणि फलिताचे गट त्यानंतर. पैशाची सांगड सर्वात शेवटी घालावी आणि तीही आधी नोंदी पूर्ण ठेवण्याशी. एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवलेल्या रुग्णाचा हिशेब दोघांच्याही खात्यावर दिसावा, म्हणजे रुग्ण पुढे ढकलून आकडा सुधारता येणार नाही.

यात राज्यांच्या सीमा आड येऊ देऊ नयेत. बेळगाव बेंगळूरुपासून सुमारे ५०० किलोमीटर दूर आहे. निपाणीच्या रुग्णाला साडेचार तासांत राजधानी गाठणे अशक्य. तो कोल्हापूर, मिरज किंवा हुबळीची वाट धरणार. त्याची नोंद कर्नाटकात सुरू होऊन महाराष्ट्रात संपत असेल, तर दोन्ही राज्यांच्या वह्या एकमेकींना ओळखल्या पाहिजेत. हे काम राष्ट्रीय संस्थेनेच करावयाचे आहे.

डॉक्टरांच्या संघटना यावर आक्षेप घेतील की आधीच कागद फार आहेत. त्यात तथ्य आहे. म्हणून बाबी पाचच असाव्यात आणि त्या भरण्यासाठी प्रशिक्षित परिचारिका वा नोंदणी कर्मचाऱ्याचे वेतन सरकारने द्यावे. नागरिक विचारतील, की इतकी वर्षे थांबण्याऐवजी जे आकडे आहेत ते आजच का जाहीर करू नयेत? त्यांची अधीरता मला समजते. पण चुकीच्या तराजूने केलेले वजन लगेच सांगितल्याने बरोबर होत नाही, आणि त्या वजनाच्या भीतीने जो रुग्ण नाकारला जाईल तो त्यांच्याच घरचा असू शकेल.

माझ्या शेजाऱ्याच्या मुलाने नंतर मला विचारले होते, ‘आम्ही आधीच तिसऱ्या रुग्णालयात गेलो असतो तर अप्पा वाचले असते का?’ मला उत्तर देता आले नाही. त्याला त्या पहाटे हवी होती ती एवढीच माहिती: घरापासून जवळ, रात्री सीटी स्कॅन चालू असलेले आणि रुग्ण परत न पाठवणारे रुग्णालय कोणते. ती आजही या शहरात कोणत्याही फलकावर लिहिलेली नाही. ती लिहिता यावी यासाठी लागणारी संस्था, माणसे आणि पद्धत आपल्यापाशी आहे. प्रत्येक रुग्ण मोजायचा, हा निर्णय तेवढा राहिला आहे.